कोलमन डेव्हनीच्या न वाजलेल्या धुना

ॲट्रॅक्टाला सुराचं अंग नाही, हे साऱ्या किलक्रीव्हिन गावाला ठाऊक होतं. शाळेत असताना चर्चच्या गायनासाठी मुलं निवडली तेव्हा मास्तरांनी तिला शेवटच्या रांगेत उभं केलं आणि सांगितलं, "तू नुसते ओठ हलव हं, बाळ." त्यामुळे कोलमन डेव्हनीने तिलाच मागणी घातली तेव्हा लोकांना हसू आवरेना. आयर्लंडमधल्या स्लायगोच्या त्या दक्षिणेकडच्या भागात कोलमनसारखा फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवणारा दुसरा नव्हता. तो नुसता वाजवायचा नाही, नव्या धुना रचायचाही. आणि त्या इतक्या ओळखीच्या वाटायच्या की आपण त्या आजोबांकडूनच ऐकल्यात, असं लोक शपथेवर सांगायचे.

"अरे, मोरनच्या तिन्ही पोरी फिडल वाजवतात," फेस्टस गॉर्मली त्याला म्हणाला. फेस्टस त्याच्याच बँडमध्ये बासरी वाजवायचा. "त्यातली एखादी बघायचीस की! हिला काय, तू फिडल वाजवतोयस का दाराची बिजागरी कुरकुरतेय, तेही कळणार नाही."

"म्हणूनच," कोलमन म्हणाला. "सगळा मुलूख कान टवकारून बसलेला असतो माझ्यापुढे. घरी तरी सुट्टी नको का?"

ॲट्रॅक्टाने हे ऐकलं होतं आणि तिला त्याचा राग आला नव्हता. तिला तो आवडायचा तो त्याच्या वाजवण्यासाठी नाहीच. लांब हाताचा, कमी बोलणारा, गाईंशी मात्र भरभरून बोलणारा माणूस. लग्नानंतरची पहिली वर्षं बरी गेली. मूलबाळ झालं नाही, पण घर रिकामं नसायचं. कोलमन शेतात गवत उलटत असायचा, मध्येच गवताचा काटा जमिनीत रोवून तसाच उभा राहायचा, मग चिखलाच्या बुटांनी थेट स्वयंपाकघरात यायचा आणि खिळ्यावरची फिडल काढायचा.

"बूट!" ॲट्रॅक्टा ओरडायची.

"थांब गं, धून निसटून जाईल," म्हणत तो तारांवर गज टेकवायचा. धून हाताला लागली की तिच्याकडे वळून विचारायचा, "नाव दे."

नाव द्यायला धून कळावी लागत नाही. ती समोर दिसेल ते सांगायची. "स्वयंपाकघरातला चिखल." "ओव्हनमध्ये करपलेला पाव." एकदा तर "फादर मल्डूनची कवळी." आणि टबरकरीच्या नाचाच्या हॉलमध्ये बँडचा म्होरक्या खरोखर उभा राहून मोठ्याने सांगायचा, "आता कोलमनची नवी नाचाची धून, फादर मल्डूनची कवळी!" हॉल हसून लोळायचा आणि मग नाचायला उठायचा. गावचे पाद्री फादर मल्डूनही त्याच हॉलच्या दारात उभे राहून पायाने ठेका धरायचे.

हे सगळं संपलं ते एकदम नाही, पण फार वेळही लागला नाही. साठचं दशक आलं तसे हॉलमधून खुर्च्या मांडून वाजवणारे बँड मागे पडले. लोकांना आता विजेच्या गिटारी हव्या होत्या, एकसारख्या चकचकीत कोटातली, उभं राहून कंबर हलवणारी पोरं हवी होती. हॉलचा मालक भला माणूस होता. तो स्वतः घरी आला, चहा घेतला आणि टोपी गुडघ्यावर फिरवत बसला.

"तुझ्याविरुद्ध काही नाही रे, कोलमन. पण तुमच्यासाठी पोरी येत नाहीत. आणि पोरी नाही आल्या की पोरं येत नाहीत."

"आणि पोरं नाही आली की मग आम्ही तरी कशाला यायचं," कोलमन म्हणाला आणि त्याला आणखी चहा ओतला.

बँड मोडला. जमीन ओलसर, गाई थोड्या. त्यावर दोन जोडप्यांचं चालणं शक्य नव्हतं, आणि कोलमनचे आईवडील अजून त्याच छपराखाली होते. तो इंग्लंडात बर्मिंगहॅमला गेला. तिथे रस्ते फोडायचे, चर खणायचे, दिवसभर हवेच्या दाबावर चालणारं ते थरथरतं यंत्र दोन्ही हातांत धरून उभं राहायचं. फिडल त्याने नेली नाही. "तिकडच्या खोलीत आठ जण झोपतात, कुणीतरी तिच्यावर बसेल," असं म्हणाला. नाताळला यायचा तेव्हा ती खिळ्यावरून काढायचा, पुसायचा, दोन-चार धुना वाजवायचा आणि परत ठेवायचा. ॲट्रॅक्टाला वाटायचं, थकलाय. त्यालाही तसंच वाटत होतं.

म्हातारा अंथरुणाला खिळला तेव्हा कोलमन कायमचा परत आला. वडिलांना पुरलं, मग त्याच वर्षात आईलाही, आणि एके रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर फेस्टस बासरी घेऊन घरी आला. "चल, गंज काढू," म्हणाला. दोघे चुलीपाशी बसले. ॲट्रॅक्टा बटाटे सोलत होती. वाजवणं सुरू झालं आणि थांबलं. पुन्हा सुरू झालं, पुन्हा थांबलं. तिने मान वर करून पाहिलं. कोलमन आपल्या डाव्या हाताकडे पाहत होता. अनामिका आणि करंगळी तळव्यात दुमडून गेली होती, मूठ वळल्यासारखी. त्याने उजव्या हाताने ती सरळ केली. फिडलच्या मानेवर हात नेला की ती पुन्हा दुमडायची.

"गारठलाय हात," फेस्टस म्हणाला.

"असेल," कोलमन म्हणाला.

हात गारठलेला नव्हता. त्याच हाताने तो गाय पिळायचा, गाठी सोडायचा, कपबशी धरायचा. तेव्हा बोटं गुणी मुलांसारखी वागायची. फक्त फिडल हातात आली की ती वळायची. स्लायगोच्या डॉक्टरने मलम दिलं. मग ॲट्रॅक्टा त्याला रॉसकॉमनमधल्या एका माणसाकडे घेऊन गेली. तो आपल्या बापाचा सातवा मुलगा होता, त्यामुळे त्याच्या हाताला गुण आहे असं लोक मानायचे. त्याने कोलमनच्या मनगटावर हात फिरवले, काहीतरी पुटपुटला आणि तीन वेळा यायला सांगितलं. तिन्ही वेळा गेले. शेवटी डब्लिनच्या मोठ्या डॉक्टरकडे. त्याने बराच वेळ तपासलं, फिडल वाजवायलाही लावली.

"हे हाताचं दुखणं नाही," तो म्हणाला. "डोक्याकडून हाताला जो निरोप जातो, तोच बिघडलाय. जितका जास्त वाजवाल तितकं बळावेल."

"यंत्रामुळे झालं का?" ॲट्रॅक्टाने विचारलं. "बर्मिंगहॅमच्या?"

"सांगता येत नाही, बाई. यंत्र न धरलेल्यांनाही होतं."

"मग मी काय करू?" कोलमनने विचारलं.

"दुसरं काही वाजवता आलं तर पाहा."

परतीच्या गाडीत कोलमन मलिंगर स्टेशनपर्यंत डावा हात मांडीवर उघडमीट करत होता. मग म्हणाला, "ढोल बडवतो आता. मूठ वळलेलीच आहे." ॲट्रॅक्टा हसली नाही. तोही हसला नाही.

आणि नेमकं तेव्हाच जगाला त्याची आठवण झाली. शहरातली लांब केसांची मुलं जुन्या धुना शोधत खेडोपाडी फिरू लागली होती. ज्या संगीताला टबरकरीच्या पोरी कंटाळल्या होत्या, त्यासाठी आता डब्लिनमध्ये लोक रांगा लावत होते. एका ध्वनिमुद्रण कंपनीचा माणूस घरी येऊन गेला. कोलमनच्या धुना साऱ्या देशात वाजतायत, पण खुद्द कोलमनची एकही तबकडी नाही, ही शरमेची गोष्ट आहे, असं तो म्हणाला. ॲट्रॅक्टाला वाटलं, आता हा नाही म्हणणार. पण कोलमनने होकार दिला. पुढचे काही महिने तो गोठ्याच्या माळ्यावर बसून धुना उरलेल्या दोन बोटांवर बसवत होता, बसवू पाहत होता.

डब्लिनला फेस्टस त्याच्याबरोबर गेला, ॲट्रॅक्टाही गेली. काचेपलीकडे यंत्रापाशी एक तरुण बसला होता, अतिशय सभ्य. कोलमन सुरू करायचा, अडायचा, आणि तो तरुण म्हणायचा, "छान होतं. पुन्हा एकदा घेऊ या का?" सकाळपासून तो हेच म्हणत होता. दुपारी कोलमनने फिडल पेटीत ठेवली आणि कडी लावली.

"उद्या परत प्रयत्न करू, मिस्टर डेव्हनी," तरुण काचेपलीकडून बाहेर येऊन म्हणाला.

"तू फार चांगला मुलगा आहेस," कोलमन म्हणाला. "चुकलो की सांगत नाहीस."

त्यानंतर त्याने फिडलला हात लावला नाही.

सोरखा कॅसिडी आली ती दुसऱ्या वर्षी. डब्लिनच्या विद्यापीठात शिकणारी, चोविशीतली, छोट्या हिरव्या गाडीतून दर शनिवारी त्याच्या धुना शिकायला यायची. फिडल उत्तम वाजवायची; फेस्टसनेच तसं सांगितलं, ॲट्रॅक्टाला कुठून कळणार. कोलमन खुर्चीत बसून तोंडाने धून म्हणायचा, डिडल-डी-आय-डी, पायाने ठेका देत, आणि सोरखा ती उचलायची. दोन वेळा ऐकलं की तिच्या बोटांत असायची. ॲट्रॅक्टाला ती पोर आवडली. येताना केक आणायची, भांडी घासायला उठायची.

"पुन्हा वाजव," कोलमन म्हणायचा.

ती वाजवायची.

"नाही गं. तिथे तू सगळं वाजवतेस."

"मग तुम्ही काय करता तिथे?"

"मी तिथे थोडं मागे राहतो."

"असं?" ती वाजवून दाखवायची.

"हं," कोलमन म्हणायचा. ते 'हं' पटल्याचं नव्हे, हे ॲट्रॅक्टाला चुलीपाशी उभ्या उभ्या कळायचं. ती पोर गेली की तो बराच वेळ खिडकीतून रस्त्याकडे पाहत बसायचा.

सोरखाची तबकडी निघाली. वर तिचा फोटो, मागे ठळक अक्षरांत सगळ्या धुनांसमोर कोलमनचं नाव. तिने काहीच लपवलं नाही, एक धूनही आपली म्हणवली नाही. तबकडी चालली, चांगली चालली. टबरकरीला उन्हाळ्याच्या मेळाव्यात कोलमनला मंचावर बोलावलं, काचेचं एक सन्मानचिन्ह दिलं, आणि कुणीतरी खालून ओरडलं, "वाजव की रे, कोलमन!" ज्याला हाताचं ठाऊक नव्हतं असं कुणीतरी परगावचं. सगळ्यांनी त्याला गप्प केलं. ते गप्प करणंच कोलमनला जास्त लागलं असणार. त्या रात्री त्याने सोरखाची तबकडी पहिल्यांदा पूर्ण ऐकली.

"कशी आहे?" ॲट्रॅक्टाने विचारलं.

"स्वच्छ आहे. माझ्या धुना धुऊन, इस्त्री करून ठेवल्यात."

पुढच्या शनिवारी त्याने सोरखाला सांगितलं, आता काही नवं सुचत नाही. तिने येणं थांबवलं नाही, पण मग महिन्याकाठी येऊ लागली, आणि गप्पा मारून जाऊ लागली.

खरं तर त्याला सुचत होतं. हे फक्त ॲट्रॅक्टाला ठाऊक होतं. सकाळी दोघं गोठ्यात दूध काढायची, ती पलीकडच्या गाईपाशी, तो अलीकडच्या. गाईच्या पोटाला कपाळ टेकवून कोलमन गुणगुणायचा. पहिल्यांदा तिने लक्ष दिलं नाही. तो नेहमीच काहीतरी पुटपुटायचा. पण हे वेगळं होतं. एकच ओळ तो घोळवायचा, मोडायचा, पुन्हा सांधायचा, आठवडाभर. मग ती पुरी व्हायची, आणि दुसऱ्या सकाळी दुसरीच सुरू व्हायची. नाव दे, असं मात्र त्याने कधी म्हटलं नाही. एका सकाळी, पाऊस झोडपत असताना, त्याने एक संथ धून अशी म्हटली की ॲट्रॅक्टाचे हात थांबले. का थांबले ते तिला सांगता आलं नसतं. तिने ती मनात धरून ठेवायचा प्रयत्न केला. न्याहारीपर्यंत तिच्याजवळ त्यातला एक सूरही उरला नव्हता. पाव कापता कापता तिला रडू आलं.

सोरखा पुढच्या वेळी आली तेव्हा ॲट्रॅक्टा तिच्याबरोबर गाडीपर्यंत गेली.

"त्याला सुचतंय," ती म्हणाली. "रोज. गोठ्यात म्हणतो. आणि ऐकायला मी. देवाने चेष्टाच केली बघ."

सोरखाने उघडलेलं गाडीचं दार परत लावलं. "मिसेस डेव्हनी, मी विचारू का त्यांना?"

"तुला नाही सांगणार."

सोरखा गाडीकडे वळली. मग तिच्या मागच्या बाजूतून एक लहानसं ध्वनिमुद्रणाचं यंत्र काढलं आणि कोणतं बटण दाबायचं ते तिला दाखवलं. "तुम्हाला बरोबर वाटलं तरच," ती म्हणाली. "नाही वाटलं तर तसंच परत द्या."

ॲट्रॅक्टाला ते बरोबर वाटलं नाही. पण ते न करणं त्याहूनही चूक वाटलं. कोलमन साठी ओलांडून गेला होता, धाप लागायची. हे सगळं त्याच्याबरोबर मातीत जाणार, आणि आपण जवळ बसून ते जाऊ देणार? तिने यंत्र गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात, औषधाच्या डब्यामागे ठेवलं, वरून पोत्याचा तुकडा टाकला, आणि सकाळी तो येण्याआधी बटण दाबलं.

त्या दिवशी त्याने पावसातली ती संथ धून पुन्हा धरली होती. ॲट्रॅक्टा दूध काढत राहिली. धून संपत आली असावी, कारण त्याचा आवाज खाली उतरत होता, आणि तेवढ्यात टेप संपली. यंत्राने खट् केलं.

कोलमन उठला. त्याने पोतं बाजूला केलं, यंत्र हातात घेतलं, उलटंसुलटं पाहिलं. ती त्याच्या ओरडण्याची वाट पाहत होती.

"सोरखाचं?" त्याने विचारलं.

"तिचं. पण ठेवलं मी."

"हं."

"कोलमन, तुझ्यामागे कोण ऐकणार होतं ते? मी? मला तर काही..."

"तुला कळत नाही, म्हणून तर सुचत होतं," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, त्यामुळे तिला आणखी भीती वाटली. "सगळे ऐकायला लागले आणि माझा हात गेला, ॲट्रॅक्टा. का गेला ते डॉक्टरला ठाऊक नाही, मलाही नाही. पण इथे कुणी ऐकत नव्हतं. इथे ते सूर बापडे भीत नव्हते."

"मी पुन्हा नाही ठेवणार. मेरीमातेची शपथ."

"माहीत आहे मला," कोलमन म्हणाला आणि बादली उचलून दूध गाळायला गेला.

यंत्र त्याने स्वतःच सोरखाच्या हातात दिलं. तिने ते ऐकलं. बादलीत पडणाऱ्या धारा, गाईचं रवंथ, पत्र्यावरचं पाणी, आणि या सगळ्याखाली कुठेतरी कोलमनचा आवाज. धुनेचा पहिला भाग तिला कसाबसा लागला. दुसरा भाग धारांत बुडून गेला होता.

"दुसरा भाग कसा आहे, कोलमन?" तिने हात जोडल्यासारखं विचारलं. "एकदाच. मी वाजवणार नाही हवं तर. फक्त ऐकते."

"आठवत नाही, पोरी," तो म्हणाला. तो खोटं बोलत होता की नाही, हे ॲट्रॅक्टाला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यानंतर गोठा गप्प झाला. ॲट्रॅक्टाने त्याला आपणहून सांगून पाहिलं, "म्हण ना काहीतरी." तो म्हणाला, "येत नाही गं." तिने पाहिलं तर तो कपाळ गाईला टेकवून बसलेला असायचा, ओठ घट्ट मिटलेले. ती मुद्दाम लवकर उठून आपली गाय आधी पिळून निघून जाऊ लागली, त्याला एकटं सोडायला, आणि दाराबाहेर थांबायची. आतून फक्त धारा वाजायच्या. एकदा त्याने तिला तिथे थांबलेलं पाहिलं. त्यानंतर ती थांबलीही नाही.

दोन हिवाळे असेच गेले. तिसऱ्या वसंतात, कोकरांच्या दिवसांत, कोलमन अंगणात पडला तो उठला नाही.

मयत घरात ठेवलं होतं तेव्हा तिकडच्या रीतीप्रमाणे गावोगावचे वाजवणारे आले. दुपारभर स्वयंपाकघरात फिडल आणि बासऱ्या वाजत होत्या. फेस्टस रडत वाजवत होता. सोरखा शवपेटीपाशी गुडघे टेकून बसली आणि मग ॲट्रॅक्टाच्या शेजारी येऊन तिने विचारलं, "त्या पहिल्या भागाला मी दुसरा भाग लावला तर? तुमची परवानगी असेल तरच."

"लाव," ॲट्रॅक्टा म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

सोरखाने तो लावला, मन लावून केला. उन्हाळ्यात मेळाव्यात वाजवला तेव्हा तंबू खचाखच भरला होता. ॲट्रॅक्टा फेस्टसजवळ बसली होती.

"कसं आहे?" तिने हळूच विचारलं. "खरं सांग."

फेस्टसने बासरी पेटीत ठेवली. "पहिला भाग ऐकला की वाटतं, हा आता दार उघडून आत येईल," तो म्हणाला. "मग दुसरा सुरू होतो."

ती धून देशभर गेली. रेडिओवर लागायची, आणि निवेदक दर वेळी सांगायचा, कोलमन डेव्हनी यांची शेवटची रचना. पहिल्या पहिल्यांदा ॲट्रॅक्टा भेटेल त्याला सांगायची, शेवटची नाही हो, त्याआधीही कितीतरी होत्या, हिवाळाभर रोज होत्या, मी ऐकल्यात. लोक मान हलवायचे, आणि विचारायचे, कशा होत्या? पुढे तिने सांगणं सोडलं. दुकानात, चर्चच्या दारात कुणी ती शेवटची धून फार सुंदर आहे म्हणालं की ती म्हणायची, "हो ना," आणि पिशवी उचलून घरच्या रस्त्याला लागायची.